हौद्याखालची स्टेपनी

बाजार समितीच्या आवारात उभ्या असलेल्या पिकअपच्या मागे जाऊन कधी खाली वाकून पाहिले आहे काय? हौद्याच्या तळाशी एक चाक आडवे टांगलेले असते. तीच स्टेपनी. मोटारीची स्टेपनी डिकीत सुखाने निजते. पिकअपचा हौदा मात्र मालासाठी असतो. तेथे चाक ठेवले तर त्यावर कांद्याच्या गोण्या रचल्या जातील आणि नेमक्या वेळी ते हाती लागणार नाही. म्हणून त्याची रवानगी खाली. पुष्कळ गाड्यांत चाकाच्या मधल्या छिद्रातून पोलादी तार ओवलेली असते. मागून लांब दांडा घालून फिरवला की तार सैल होत जाते आणि चाक जमिनीवर उतरते.

युक्ती नामी आहे. परंतु त्या चाकाच्या वाट्याला येतो तो चिखल, धूळ आणि तारेवरचा गंज. चारही चाकांत नेमाने हवा भरणारा चालक पाचव्याकडे सहसा वळत नाही, कारण त्यासाठी जमिनीवर लोळावे लागते.

या शब्दाचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. वेल्समधील लॅनेली गावी स्टेपनी नावाचा रस्ता आहे. १९०४ च्या सुमारास तेथील डेव्हिस बंधूंनी, पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून जखडता येईल अशी, टायर चढवलेली बिनआऱ्यांची धाव विकावयास काढली. आज सामान्य इंग्रजाला हा शब्द परका आहे. ब्राझीलमध्ये तो ‘एस्तेपी’ होऊन नांदतो, आणि आपल्याकडे तर प्रत्येक पंक्चरवाल्याच्या तोंडी आहे.

आपण त्याचा अर्थही ताणला. ऐनवेळी उभा केलेला बदली माणूस, तोही स्टेपनीच! तासिका तत्त्वावर शिकवीत असताना एका महाविद्यालयाच्या शिक्षककक्षात माझी ओळख ‘ही आमची स्टेपनी’ अशी करून दिली जाई. सारे हसत, मीही हसत असे. रजेवरील अध्यापकांचे तास घ्यायचे आणि मानधनाची वाट पाहत महिने मोजायचे. बोलणाऱ्याच्या मनात डिकीतली स्टेपनी असावी; मला मात्र हौद्याखालचीच आठवे.

पावसाळा सरला की तार एकदा खाली-वर करून तिला ग्रीस लावणारे चालकही मी पाहिले आहेत. माल भरण्यापूर्वीच ते हे उरकतात. भरल्या गाडीचे मागचे चाक बसले की हौदा झुकतो, आणि खालची स्टेपनी बाहेर ओढण्यापुरतीही जागा उरत नाही. मग आधी जॅक लावून गाडी उचलावी लागते.