आप्पांचे शंभर कप्पे

सुरतेत आलेल्या आपल्या पहिल्या पिढीबद्दल इथे बरंच लिहून झालंय. लूमवरच्या पाळ्या, लिंबायतमधली भाड्याची खोली, भुसावळ गाडीतली गर्दी. मी आज आमच्या आप्पांच्या कामाबद्दल लिहिते, आणि त्या कामामुळे मला सी भाषेतलं हॅश टेबल कसं कळलं त्याबद्दल. कॉम्प्युटरशी संबंध नसेल तरी वाचा, अवघड काही नाही.

आप्पा धुळे जिल्ह्यातले, चौथी शिकलेले. रिंग रोडच्या कापड बाजाराजवळ एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाल म्हणून लागले. पुढे मेहताजींनी त्यांच्याकडे बिल्ट्या सांभाळायचं काम दिलं. व्यापाऱ्याचा माणूस येऊन नंबर सांगायचा आणि आप्पा ती बिल्टी लगेच काढून द्यायचे.

बिल्ट्या दुकानाच्या नावाप्रमाणे लावून चाललं नसतं. बाजारातल्या कितीतरी पाट्या ‘श्री’ने सुरू होतात. ‘श’चा कप्पा फुटला असता आणि ‘ठ’चा रिकामा राहिला असता. म्हणून आप्पांच्या लाकडी मांडणीत 100 कप्पे होते, 00 ते 99. बिल्टीच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे बघायचे आणि त्या कप्प्यात टाकायची. 48317 असेल तर 17 मध्ये. शोधतानाही थेट 17 मध्ये हात घालायचा आणि तिथल्या तीन-चार चिठ्ठ्यांत पूर्ण नंबर जुळवायचा. बाकीच्या 99 कप्प्यांकडे बघायचंसुद्धा नाही.

मी सातवीपर्यंत महानगरपालिकेच्या मराठी शाळेत, मग गुजराती माध्यमात, आणि इंजिनिअरिंगला एकदम इंग्रजी. दुसऱ्या वर्षी सरांनी काम दिलं: सी मध्ये कुठल्याही प्रकारचा माल ठेवता येईल असं हॅश टेबल लिहा. सी च्या स्टँडर्ड लायब्ररीत क्रम लावायला क्यूसॉर्ट आहे, पण तयार हॅश टेबल नाही. ते आपलं आपणच बांधायचं. विषय राहिला असता तर फीची सवलत गेली असती, आणि घरात माझ्या लग्नाची बोलणी निघालीच होती.

आप्पांचा डबा द्यायला गोदामात गेले तेव्हा मांडणीकडे बघत उभी राहिले. पुस्तकातलं चित्र हेच होतं.

नंबरावरून कप्पा ठरवायची जी रीत, ती हॅश फंक्शन. एकाच कप्प्यात दोन चिठ्ठ्या आल्या की ती टक्कर. मग त्या एकीमागे एक साखळीत ओवायच्या. नावांसाठी रीत जरा जपून निवडावी लागते. नुसती अक्षरांच्या आकड्यांची बेरीज केली तर ‘रमा’ आणि ‘मार’ एकाच कप्प्यात पडतात, कारण अक्षरं तीच आहेत. कर्निगन आणि रिची यांच्या सी च्या पुस्तकात, 1988 च्या आवृत्तीत, दर अक्षराला आधीच्या उत्तराला 31 ने गुणून पुढचं अक्षर मिळवलंय. त्यामुळे क्रम बदलला की उत्तरही बदलतं. तिथे कप्पे 101 आहेत.

पण त्या पुस्तकातलं टेबल फक्त शब्दांसाठी आहे. ‘कुठलाही माल’ म्हणजे काय, हे मला पार्सलांवरून कळलं. तागात शिवलेल्या पार्सलात साडी आहे की ड्रेस मटेरियल, आप्पांना ठाऊक नसायचं आणि गरजही नसायची. सी मधला व्हॉइड पॉइंटर असाच असतो. माल कुठे ठेवलाय ते सांगतो, आत काय आहे ते सांगत नाही. मग कप्पा कसा काढायचा आणि दोन चिठ्ठ्या एकच आहेत का हे कसं ठरवायचं, ही दोन फंक्शनं ज्याचा माल त्याने टेबलाला द्यायची.

दिवाळीच्या सीझनला कप्पे ठासून भरायचे. तेव्हा आप्पा शेजारी दुसरी मांडणी उभी करायचे. शेवटून तिसरा आकडा सम असेल तर जुनी मांडणी, विषम असेल तर नवी. पण त्यासाठी जुनी प्रत्येक बिल्टी पुन्हा हातात घ्यावी लागायची. टेबल दुप्पट करताना प्रोग्रामही हेच करतो. काम एकदाच जड पडतं, मग बरेच दिवस शोधणं सोपं जातं.

शेवटचा प्रश्न मेमरी मोकळी कुणी करायची. सी मध्ये ते आपल्यालाच बघावं लागतं. मी वहीत लिहिलं होतं: गोदाम बंद झालं तर गोदामवाला आपली मांडणी मोडेल, व्यापाऱ्याचा माल जाळणार नाही. टेबलाने स्वतःच्या साखळ्या मोकळ्या करायच्या. आतला माल ज्याचा त्याने, किंवा त्याने तसं सांगितलं तरच.

तोंडी परीक्षेत सरांनी दोन प्रश्न विचारले, दोन्ही टक्करीवरचे. मी बिल्ट्या डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं दिली. विषय सुटला, सवलत राहिली, लग्न पुढे ढकललं गेलं.

नंतर वाचलं की हॅशिंगची ही कल्पना 1953 मध्ये आयबीएमच्या आतल्या एका टिपणात हान्स पीटर लून यांनी मांडली होती. त्यात कप्पेही होते आणि साखळीही. हे लून जर्मनीत जन्मलेले, आणि कॉम्प्युटरकडे वळण्याआधी कापड धंद्यातले. कापडातले धागे मोजायचं लूनोमीटर त्यांनीच काढलं. आप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, “म्हंजे आपलाच मानूस शे.”

तोवर आप्पा स्वतःच्या कामाला ‘चिठ्ठ्या टाकणं’ म्हणायचे. माझ्या कॉलेजात यायला संकोचायचे, आपण अडाणी म्हणून. पदवीदानाला मात्र इस्त्रीचा शर्ट घालून आले, आणि सर भेटल्यावर त्यांना स्वतःहून 00 ते 99 समजावून सांगितलं. सरांनी उभं राहून ऐकलं.

आता गोदामात कॉम्प्युटर आहे आणि ती मांडणी केव्हाच गेली. तुमच्या घरातही कुणी लूमवर, मार्केटात, हिऱ्याच्या कारखान्यात अशी एखादी रीत बसवली असेल. ती माणसं आहेत तोवर त्यांना विचारा, आणि इथे लिहा.