डिकीतली पेटी

गेल्या आठवड्यात जुनी गाडी विकली. घेणाऱ्याला डिकीतली सबवूफरची पेटी नको होती. पट्ट्या सोडवून ती उचलली, तर खालच्या कार्पेटला लावलेल्या सोल्युशनचा वास इतक्या वर्षांनीही नाकात भरला. मग दिवसभर डोक्यात आण्णाच, माझे वडील.

ती बसवणाऱ्या दुकानदारावर माझा राग अजून आहे. त्यानं पेटीचं तोंड वर केलं. का, तर चकचकीत जाळी दिसते! जाळी बघायला डिकीत कोण बसणार होतं? शिवाय वर साधी पिशवी ठेवायची सोय नाही. खाली तोंड करा म्हटलं, तर ‘स्पीकरचा पडदा लोंबतो’ म्हणाला. 30 हर्ट्झला डोलणारा पडदा स्वतःच्या वजनानं जेमतेम पाव मिलिमीटर उतरतो. बारा इंची स्पीकरला त्याचं काय?

कानापुरतं बोलायचं तर तोंड कुठंही असो, फारसं बिघडत नाही. 40 हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब. आमची गाडी बंपर धरून चार मीटरसुद्धा नव्हती. एवढ्याशा जागेत लाट धावणार कुठं? आतली हवाच एकदम दाबली जाते. बघायचं ते अंतर. मोठ्या गाडीत पडद्यापासून मागचं दार मीटरभर लांब असेल, तर आदळून परतलेली लाट दोन मीटर जादा चालते, 85 हर्ट्झच्या आसपास मूळ लाटेच्या नेमकी उलट पडते आणि ठोका पोकळ होतो. पेटी दाराजवळ सरकवली की ही खोट वर सरकते, सबवूफरच्या हद्दीबाहेर जाते.

  

आण्णांचा प्रश्न मात्र कानांचाच होता. त्यांचा जन्म इचलकरंजीत यंत्रमागावर गेला. धोट्याच्या खडखडाटात आधी 4000 हर्ट्झच्या आसपासचं ऐकणं जातं. खर्ज बराच काळ तग धरतो. नातवंडं काय बोलतात ते त्यांना उमगायचं नाही, आणि हा माणूस एकेकाळी भजनी मंडळात तबल्यावर बसलेला. एका रविवारी मी पाना घेऊन पेटीचं तोंड मागं फिरवलं, पाठ घट्ट सीटला टेकवली. पडदा मागं रेटला की पेटीला पुढं धक्का बसतो. तोंड वर होतं तेव्हा तो जमिनीत जिरायचा. आता सरळ सीटच्या पाठीत उतरला. अभंग लावला. मागं बसलेल्या आण्णांच्या डाव्या हाताचा तळवा मांडीवर हळूहळू सरकायला लागला, डग्ग्यावर घुमारा काढताना मनगट दाबून घासतात तसा. ‘डग्गा वाजतोय की रे,’ म्हणाले. समेला मान आली ती चुकली नाही.

मागावर असताना त्यांना कुणी कानात घालायला कापूससुद्धा दिला नव्हता. माग अजून चालू आहेत. कानात घालायच्या बोळ्यांची जोडी दोन चहांच्या पैशांत मिळते. मागमालकांनो, ती कामगारांना द्या, आणि ते घालतात की नाही हेही बघा.