दम कुठे जातो?

'दम' हा मराठीतला मोठा गुणी शब्द आहे. दम लागतो, दम धरावा लागतो, कुणी दम देतो, आणि एखाद्या कादंबरीत दमच नसतो. आमच्या भागात तो इंजिनालाही लावतात. 'इंजिनात दम राहिला नाही' हे वाक्य लहानपणापासून विहिरींच्या काठी ऐकत आलो. हा शब्द तेथे किती नेमका आहे, ते मात्र दोन वर्षांपूर्वी धाकट्या भावाचा ट्रॅक्टर बिघडला तेव्हा ध्यानात आले.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. रुडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे जे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले, त्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट होती: हवा जोराने दाबली की ती तापते. आजच्या इंजिनांत दट्ट्या हवेला तिच्या मूळ आकारमानाच्या साधारण चौदाव्या ते बाविसाव्या हिश्श्यात कोंडतो. तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि त्या क्षणी फवारलेले डिझेल आपोआप पेटते. कोंडलेला श्वास हाच येथे अग्नी. तो निसटू लागला की सकाळी इंजिन लवकर सुरू होत नाही, पांढरा धूर ओकते आणि ओझ्याखाली कण्हते.

भावाच्या तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरला हेच झाले होते. एका फिटरने उभ्या उभ्या निकाल दिला, 'इंजिन कामाला आलंय, सगळं खोला.' लायनर, पिस्टन, रिंगा, सारेच नवे. ऊसवाहतुकीचा हंगाम तोंडावर आलेला आणि सोसायटीचे कर्ज आधीच डोक्यावर. भावाने शेजारच्या गावातल्या एका वृद्ध मिस्त्रींना बोलावले.

त्यांनी आधी बॅटरी आणि एअर फिल्टर पाहिला. स्टार्टर मंद फिरला तर तिन्ही सिलिंडर उगाचच दुबळे दिसतात, म्हणाले. मग इंजिन गरम करून डिझेल बंद केले, इंजेक्टर काढले आणि त्या जागी एकेका सिलिंडरला दाबमापक लावून स्टार्टर मारला. पहिल्या दोहोंत काटा ४०० पौंडांच्या आसपास गेला. तिसऱ्यात २६० वर अडखळला. शेजारशेजारचे दोन पडले असते तर मधल्या गॅस्केटचा संशय आला असता. येथे एकच पडला होता.

तिसऱ्यात त्यांनी मोजके थेंब तेल सोडले. जास्त नाही, कारण डिझेलच्या दट्ट्यावर जागा फार थोडी उरते आणि तेल काही दाबले जात नाही. तेलाने रिंगांच्या फटी क्षणभर बुजतात; दाब वाढला तर दोष रिंगांचा किंवा लायनरचा. काटा जवळजवळ तेथेच राहिला. मग दट्ट्या वरच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना, काँप्रेसरची हवा आत सोडली आणि ते ऐकू लागले. तेल भरायच्या तोंडाशी विशेष आवाज नव्हता. रेडिएटरमध्ये बुडबुडे नव्हते. सायलेन्सरमधून मात्र सूऽऽ असा बारीक आवाज येत होता. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता. टॅपेटची फट फारच कमी निघाली. ती जुळवल्यावर काटा थोडा चढला, पण पुरेसा नाही. व्हॉल्व्हचा काठ जळला होता. हेड उतरवावेच लागले. खर्च झाला; पण लायनर आणि रिंगा वाचल्या, आणि हंगामाचे चारच दिवस बुडाले.

त्या दुपारी मला आपल्या समीक्षेची आठवण होत राहिली. 'एकूण परिणाम उणावतो' असे आपण किती सहज लिहितो! तो त्या फिटरचाच निकाल. दम नेमका कोणत्या प्रकरणात, कोणत्या पात्रापाशी निसटतो, हे सांगण्यासाठी कान लावून बसावे लागते; आणि जे शाबूत आहे तेही तितक्याच जबाबदारीने सांगावे लागते. कारण नवा लेखक आपल्या शब्दावर विसंबून सगळेच खोलून बसण्याची शक्यता असते.

जाताना मिस्त्रींनी तिन्ही सिलिंडरांचे दुरुस्तीनंतरचे आकडे तारखेसह भावाच्या वहीत लिहिले. एकट्या आकड्याला फार अर्थ नसतो, पुढच्या वर्षीचा शेजारी आला की तो बोलू लागतो, असे त्यांचे म्हणणे. गेल्या वर्षी भावाने दुसरी ओळ लिहिली. तिसऱ्या सिलिंडरचा दाब अजून टिकून आहे. पहिल्याचा किंचित उतरला आहे.