तिनाची तफावत

परवा माळ्यावरची जुनी ट्रंक उपसत असता, घरपट्टीच्या पावत्या, शेतीच्या फेरफाराची एक नक्कल आणि वाळवीने कोपरे कुरतडलेली पंचांगे यांच्याही तळाशी माझी मॅट्रिकच्या वर्गातली पदार्थविज्ञानाची प्रयोगवही निघाली. आणि 'साध्या लंबकाच्या साहाय्याने गुरुत्वत्वरण काढणे' या प्रयोगाखाली मी निळ्या शाईने लिहिलेल्या ९७८ वर मारलेली तांबडी काट व शेजारचे तितकेच तांबडे ९८१ पाहून माझी आवराआवर तिथेच थांबली.

आमची प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालची एक अंधारी खोली होती, आणि तिच्यातील काचेचा लोलक कुलुपाबाहेर आलेला मी एकदाच पाहिला. लंबक मात्र सर्वांच्या वाट्याला येई. उभे चिरलेले बूच, त्याच्या फटीत धरलेला दोरा आणि दोऱ्याला पितळी गोळी, एवढेच त्याचे ऐश्वर्य. लांबी आकड्यापर्यंत नव्हे, गोळीच्या मध्यापर्यंत मोजावयाची. झोका अगदी लहान द्यावयाचा. आणि पन्नास दोलने मोजताना घड्याळ सुरू होताक्षणी 'एक' न म्हणता 'शून्य' म्हणावयाचे. या शून्यापासून मोजण्यात जे शहाणपण आहे, ते साऱ्या क्रमिक पुस्तकात इतरत्र क्वचितच असेल, असे मला आजही वाटते. पण वर्गाचा शिरस्ता निराळा होता. शिल्लक आधी ठरवून मग जमाखर्च लिहिणाऱ्या कारकुनाप्रमाणे मुले ९८१ पासून उलट आकडेमोड करीत दोलनकाळापर्यंत येत, आणि लंबक बिचारा बुचाखाली स्तब्ध लोंबत राही. मी त्याला खरोखरच हलविले, हा माझा अपराध.

पुढे पुष्कळ वर्षांनी माझ्या वाचनात आले, की मुंबईचे गुरुत्वत्वरण सुमारे ९७८.६ आहे आणि ९८१ हा आकडा लंडनकडचा! या शोधाने झालेला माझा आनंद फारसा सात्त्विक नव्हता. तांबड्या शाईविरुद्ध अपील दाखल करण्याचेही एकदा मनात येऊन गेले. पण मग हिशेब केला. आमचे घड्याळ सेकंदाचा पाचवा हिस्साच काय तो दाखवी, आणि मीटरभर लंबकाच्या पन्नास दोलनांत तेवढी चूक झाली तरी उत्तर चारांनी हलते. तेव्हा माझे ९७८ निव्वळ योगायोगाचे होते, आणि मुकदमा तिथेच निकालात निघाला.

या तिनाच्या तफावतीपायी खरा छळ सोसला तो झाँ रिशे याच्या घड्याळाने. फ्रेंच विज्ञान अकादमीने १६७२ मध्ये त्याला ग्रहताऱ्यांच्या वेधांसाठी विषुववृत्ताजवळच्या कायेन येथे पाठविले, तो पॅरिसमध्ये चोख चालणारे घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. सेकंद बरोबर पडावा म्हणून त्याला लंबक आखूड करावा लागला. किती, तर तीन मिलिमीटरांहूनही थोडा कमी. मायदेशी काहींनी ते उष्ण हवेत दांडा लांबल्यावर ढकलले. न्यूटनने मात्र १६८७ च्या आपल्या 'प्रिन्सिपिया'त तीच नोंद, पृथ्वी मध्यावर फुगीर आणि ध्रुवांशी चपटी आहे, याच्या पुराव्यादाखल घेतली. सबंध पृथ्वीचा आकार तीन मिलिमीटरांच्या आत मावावा, याचे मला मोठे कौतुक वाटते.

तरीही दांड्यावर संशय घेणाऱ्यांना मी सर्वस्वी मूर्ख म्हणणार नाही, कारण आमच्या ओटीवरचे पितळी दांड्याचे घड्याळ दर चैत्र-वैशाखात आठवड्याकाठी मिनिटभर मागे पडत असे. आजोबा स्टेशनावरच्या घड्याळाशी रुजवात घालून येत, स्टुलावर चढत, लंबकाच्या तळची चकती अर्धा आटा वर फिरवीत, आणि खाली उतरता उतरता माजघराकडे तोंड करून सांगत, "अगं, घड्याळ उन्हानं सुस्तावलं होतं."