नांदेड ते किल्लारी

घर बांधण्याचें मनांत आलें, कीं मनुष्याची दृष्टि भिंतींवरच खिळते. आमच्या घरींही वर्षभर तोच विषय चालला होता. खोल्या किती, फरशी कोणती, कोणाच्या वांट्यास काय, यावरून भावाभावांत अबोला धरण्यापर्यंत मजल गेली. अशा विटलेल्या मनानें आम्हीं मराठवाड्याची वाट धरली.

नांदेडास गोदावरीचें दर्शन घेऊन हुजूर साहिबास गेलों. इ. स. १७०८ मध्यें गुरु गोविंदसिंहांनीं येथेंच देह ठेवला. भव्य वास्तु पुढें महाराजा रणजितसिंहांनीं उभविली. परंतु तेथील सुवर्णापेक्षां लंगरांतील पंगतच मनांत ठसली. शेजारी कोण बसला आहे, हें तेथें कोणी विचारीत नाहीं.

तेथून लातुरावरून किल्लारीस पोहोंचलों. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणपति बोळवून गांव निजला असतां, पहाटे चारच्या सुमारास धरणीकंप झाला. या परिसरांत आठ-दहा हजार माणसें दगावलीं. रुंद दगडी भिंती व वर मातीचें जड धाबें ही येथील सुस्थितीची खूण. परंतु दगड नुसत्या मातींत रचलेले. हादऱ्यासरशीं भिंती फांकल्या व निजलेल्यांवर कोसळल्या.

घर नको, असें आम्ही म्हणत नाहीं. वांचलेल्यांस प्रथम छप्परच हवें होतें. मात्र समाधान भिंतींनीं येत नाहीं, पंगतीनें येतें.

परत येऊन नकाशा पुन्हा उघडला. दोन दालनें वगळलीं. सर्वांस एका पंगतीस बसतां येईल एवढें माजघर मात्र राखलें.