गाडाभर कॉड्सवॉलप

आमची नात लेस्टरला असते. वय वर्षे अकरा. मराठी छान बोलते, पण अविश्वास दाखवायचा झाला की इंग्रजीत शिरते. गेल्या ऑगस्टात सुट्टीला आली होती. छातीभर पाण्यातून नदी ओलांडून आम्ही कसे शाळेत जात असू, हे मी तिला रंगात येऊन सांगत होतो. ती हळूच पुटपुटली, "कॉड्सवॉलप!"

मला वाटलं, मासा असेल एखादा.

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे नॉन्सेन्स, आजोबा. पण प्रेमानं."

शिवी नव्हे, हे खरं. आजीसमोरही चालते म्हणे. आपल्या 'काहीतरीच हं तुमचं!'ची ही विलायती मावसबहीण. फक्त तिकडे हा माल सहसा सुटा देत नाहीत, 'लोड ऑफ' लावून गाडाभर देतात.

पण मला ते लागलं. रात्री जागून शब्दाचं मूळ शोधलं. हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७२ साली गोटीच्या बाटलीचं पेटंट घेतलं. बोलीत 'वॉलप' म्हणजे बिअर. पट्टीचे पिणारे त्या सोड्याला 'कॉडची वॉलप' म्हणून हिणवू लागले, आणि झाला शब्द! दुसऱ्या दिवशी नातीला थेट गोटी सोड्याच्या गाडीवर नेलं. आतल्या वायूच्या दाबानं गोटी वर चढून रबरी कड्याला कशी घट्ट बसते, ते दाखवलं. सोडावाल्यानं गोटी दाबली, फस्सकन् आवाज झाला, नातीनं आ वासला. माझी पत गोटीसारखीच वर चढली.

महिन्याभरानं फोन आला. आवाज रडवेला. तिनं ही कथा वर्गात सांगितली होती. बाईंनी जाडजूड कोश काढला. कॉडसाहेब वारले १८८७ साली. शब्द मात्र छापील कागदावर दिसतो तो विसाव्या शतकात, १९५९च्या 'हॅन्कॉक्स हाफ अवर' या बीबीसीच्या विनोदी मालिकेत वगैरे. मधली सत्तर वर्षं त्याचा पत्ताच नाही!

"आजोबा, तुमची स्टोरीच कॉड्सवॉलप आहे. सगळे हसले मला."

मी मनापासून माफी मागितली. पलीकडे बराच वेळ शांतता. मग हळूच प्रश्न आला, "आणि ती नदी?"

"नदी खरी, बेटा. देवाशपथ." मी घसा साफ केला. "पाणी... गुडघ्याएवढं होतं."

पाठीमागून, भाजी निवडता निवडता, ही म्हणाली, "घोट्याएवढं म्हणा!"