कोऱ्या जागेचे वाचन

आम्ही साहित्य शिकवणारी माणसे छापलेल्या शब्दांचा अर्थ लावण्यात तरबेज. न छापलेल्याचे काय करावे, हे आम्हांला कोणी शिकवले नाही. आणीबाणीचा काळ वर्गात आला की ही उणीव बोचते. २८ जून १९७५ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. विद्यार्थी विचारतात, यात वाचायचे काय? सेन्सॉरने मात्र ती कोरी जागा अचूक वाचली होती. पुढे अशी जागा सोडण्यास तर मनाई झालीच, पण ती गांधी-टागोरांच्या अवतरणांनी भरण्यासही झाली. ज्या कवीचे गीत राष्ट्रगीत, त्याचेच वचन अग्रलेखाच्या जागी आक्षेपार्ह! (संदर्भ बदलला की अर्थ बदलतो, हे आम्ही तासभर समजावतो. त्या अधिकाऱ्यांना ते उपजतच कळत असावे.)

तरीही तेथे निदान हुकूम होता, आणि हुकमाला आव्हान देता येत होते. मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’चा मजकूर अडवला गेला, तेव्हा शांततामय मतभेद दडपणे हे सेन्सॉरचे काम नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९७६ मध्ये, आणीबाणी चालू असतानाच, बजावले.

संपादकाने स्वतःच गाळलेल्या बातमीबद्दल मात्र दाद कोठे मागायची? तिची जागा कोरी राहत नाही. तेथे जाहिरात असते. आम्हांला ही मुस्कटदाबी अधिक चिवट वाटते. म्हणून हल्ली आम्ही विद्यार्थ्यांना एकाच दिवसाची तीन दैनिके शेजारी ठेवून वाचायला सांगतो.